नव्वद वेढे

मोटर परत आली ती हातगाडीवरून, आणि तिच्याबरोबर भांडायला कोणीच आलं नाही. एरवी वाइंडिंगच्या दुकानात मोटर परत येते तेव्हा गिऱ्हाईक तिच्या चार पावलं पुढे असतं, आणि मोटर उंबऱ्याच्या आत यायच्या आधी त्याचा आवाज आत येतो. ही आली ती मुकाट. गाडीवाल्याने ती दारात उतरवली, बाहीने कपाळ पुसलं आणि मालकांना काहीतरी सांगितलं. दुकानाचा जुना कारागीर, तो, आपल्या टेबलाशी, दहाएक पावलांवर, एका पंपाच्या मोटरीत तारेची गुंडी बसवत होता. त्याने मान वर केली तेव्हा गाडीवाला आपलं डावं मनगट उजव्या मुठीत धरून उभा होता, आणि बोलता बोलता त्याने तो पंजा असा काही खाली वाकवून दाखवला, की त्याला सगळं समजलं. शब्द एकही ऐकू आला नव्हता. पण गेल्या दोन वर्षांत शब्दांवाचून त्याचं फारसं अडत नव्हतं, निदान स्वतःला तो तसं सांगत आला होता.

मालक त्याच्या टेबलाजवळ आले. मालक भला माणूस. दाढीमिशा राखत नसत, ही त्याच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी भलाई होती, कारण ओठ स्वच्छ दिसत. "लॉन्ड्रीची आहे," मालक म्हणाले. "कपडे वाळवायच्या पिंपाची. बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला, आणि बाजूला एक बाई उभी होती तिच्या हातावर बसला. मनगट मोडलं म्हणे." मग थोडं थांबून, "डॉक्टर, ही तुम्हीच ऐकली होती ना?" "ऐकली होती," तो म्हणाला. "मग झालं तर. लोखंडाचं काय सांगावं? आज चांगलं, उद्या नाही." एवढं म्हणून मालक वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस तोंड मोठं उघडतो, आणि त्याच्याशी भांडता तरी येतं. वळता वळता मालक आणखी काही बोलले ते त्याच्याकडून निसटलं, म्हणून तो नुसता "हो हो" म्हणाला. नंतर फिटरने खूण करून आणि खडूने फरशीवर सहाचा आकडा काढून सांगितलं: सोमवारी दवाखान्याच्या हवेच्या पंख्यांच्या सहा मोटरी तपासून जायच्या आहेत, त्या नीट ऐका. म्हणजे फिटरला ठाऊक होतं. खडूने सांगायचं कुणाला, हे फिटरला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

त्याला दुकानात डॉक्टर म्हणत ते थट्टेने, पण थट्टेत मानही होता. मोटर नव्या तारेने भरून झाली की ती टेबलावर चालू करायची, फिटरने आपला खडखडणारा लेथ बंद करायचा, मालकांनी रस्त्याकडचं दार ओढून घ्यायचं, आणि त्याने हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या टोपणावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटायचे. दुकानातली पाच माणसं तेवढा वेळ श्वाससुद्धा बेताने घ्यायची. बेअरिंगला खोट असली की आतून एक बारीक चिरका सूर यायचा, दात खाणाऱ्या झोपलेल्या पोरासारखा. तो मोटर नवी असताना इतर कुणाला ऐकू यायचा नाही, सहा महिन्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. त्याला आधी यायचा. "हिचं बेअरिंग बदला," तो म्हणायचा, किंवा "जाऊ दे." सव्वीस वर्षं त्याच्या 'जाऊ दे'वर मोटरी गेल्या होत्या. तिखट कानाचा माणूस, अशी त्याची कीर्ती होती, आणि त्या कीर्तीचा त्याला गर्व होता हेही खरंच. तसं पाहिलं तर त्याच्याजवळ गर्व करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गंमत अशी, की त्याच्या धंद्यात काही ऐकू न येणं म्हणजे सगळं ठीक. आणि गेल्या दोन वर्षांत मोटरी फारच चांगल्या चालायला लागल्या होत्या. एकामागून एक मोटर टेबलावर यायची, तो मूठ कानामागे लावायचा, आणि आत शांत, गार, मऊ काहीतरी फिरत असायचं. त्याला खरोखर आनंद व्हायचा. "हल्ली बेअरिंगं चांगली यायला लागली आहेत," असं तो एकदा फिटरला म्हणालाही होता. फिटर लेथकडे तोंड करून काहीतरी बोलला होता. आता त्याला ते दृश्य आठवलं: तो फिटरची पाठ पाहत हसला होता. काहीतरी विनोद केला असेल असं धरून चालून. किती मोटरी? आठवड्याला सात-आठ धरल्या तरी? त्याने हिशेब सुरू केला आणि सोडून दिला. त्या सगळ्या आता गावभर कुठे कुठे फिरत होत्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी कोणीतरी उभं होतं.

घर दुकानापासून चालत वीस मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. त्या बुधवारी तो चालत गेला तो कडेकडेने, भिंतीला धरून, जणू पट्टा त्याच्यावरच सुटणार होता. बायको शिलाईच्या मशीनवर बसली होती. तिचा पाय हलत होता, चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती, आणि सगळं निःशब्द. हे असं कधीपासून आहे? मशीन बंद करून ती काहीतरी म्हणाली, चहा, असणार. "हो," तो म्हणाला, आणि चहाच आला. असं पुष्कळदा जमायचं. माणसं दिवसातून त्याच त्या पन्नास गोष्टी बोलतात. वेळ आणि तोंड पाहिलं की कुठली ते कळतं. बाकीचं बायको पुरवायची. फोन ती घ्यायची, थोरल्या भावाचा, दादाचा, फोन आला की "भावजींना सर्दी झालीय, बाकी बरं आहे" असं अर्ध्या तासाचं बोलणं एका ओळीत त्याच्या हातावर ठेवायची. "बेल वाजली का गं?" असं तो दिवसातून चारदा विचारायचा आणि ती हो किंवा नाही म्हणायची. याला दोघांनी कधी नाव दिलं नव्हतं. वय झालं, एवढंच म्हणायचे, तेही हसून. मनगटाची गोष्ट त्याने त्या दिवशी तिला सांगितली नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जायचं त्याने गुरुवारी ठरवलं आणि तो गेलाही, पाटीपर्यंत. पाटीवर दाराएवढा एक गुलाबी कान रंगवला होता. एवढ्या मोठ्या कानासमोर तो बराच वेळ उभा राहिला. आत गेलं की कागद देणार, आणि कागद बोलतो. कागद खिशात ठेवला तरी बोलतो. एकदा कागदावर लिहिलं की तो माणूस तेवढाच राहतो. त्याला परीक्षा हवी होती, पण निकाल फक्त आपल्याला कळेल अशी. आणि खरं सांगायचं तर निकालापेक्षा त्याला पास व्हायचं होतं. घरी परतताना त्याने मनाशी विचार केला, की आपण आयुष्यात ऐकलेला सगळ्यांत बारीक आवाज कोणता? आणि उत्तर इतक्या पटकन आलं की तो रस्त्यातच थांबला आणि मागून येणारा सायकलवाला त्याला वळसा घालून, शिवी देऊन गेला. शिवी ओठांवरून स्पष्ट समजली.

तो बारा वर्षांचा होता आणि दादा सोळाचा. दादाने शाळेतल्या कुठल्याशा मासिकात वाचून पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर तार गुंडाळली, एक डायोड लावला, खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत एरियलची तार नेली, आणि दुसरी तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधली. बॅटरी नाही, वीज नाही. हवेत जे असतं तेवढ्यावर तो रेडिओ चालणार होता. "हवेत काय असतं?" असं त्याने विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, "सगळं असतं. आपल्याला घेता आलं पाहिजे." आणि कानात इअरफोनचं ते गुलाबी बोंड घातल्यावर खरोखरच, फार फार लांब, विहिरीच्या तळाशी बसून कोणीतरी बातम्या वाचत होतं. श्वास जोरात घेतला तरी ते बुडत होतं. त्या वेळी बाबांना ऐकू येत नव्हतं, पुष्कळच येत नव्हतं. घरात काही हशा पिकला की बाबा विचारायचे, "काय म्हणाले?" आणि सगळे म्हणायचे, "काही नाही, काही नाही." त्या दिवशी दादाने ते बोंड बाबांच्याही कानात घातलं. बाबा डोळे मिटून ऐकत बसले, मान डोलवली, म्हणाले, "वा. छान आहे. स्पष्ट येतंय." मग दादाच्या लक्षात आलं की एरियलची तार मघाशीच निसटून खिडकीवर पडली आहे. दोघे भाऊ स्वयंपाकघरात पळाले आणि तोंडात पंचा कोंबून, पोट दुखेपर्यंत हसले. बाहेर बाबा अजून मान डोलवत होते. या हसण्याबद्दल त्याला आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं. आठवण झाली की हसूच यायचं. गुरुवारी संध्याकाळी रस्त्यात उभं असताना पहिल्यांदा आलं नाही.

तारेची ददात नव्हती. आयुष्य तारेत गेलेलं. दुकानातून त्याने उरलेली एक रीळ आणली, घरात नळदुरुस्तीतून राहिलेला प्लास्टिक पाइपचा वीतभर तुकडा होता. डायोड आणि कानातलं बोंड यांसाठी तो शुक्रवारी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेला. रेडिओवाला नावाचाच, आता तो फोनचे चार्जर विकायचा. त्याने मागच्या फळीवरून तीन डबे काढले, फुंकर मारली, आणि पाव तासाने दोन्ही वस्तू सापडल्या तेव्हा त्यालाच जास्त आनंद झाला. "कुणासाठी करताय? नातवासाठी?" "नाही, मलाच." "मग ठीक आहे. नातवंडं कानात घालून लगेच काढून टाकतात. म्हणतात, बंद आहे." "लागतं का अजून काही त्याच्यावर?" त्याने विचारलं, आणि रेडिओवाल्याच्या ओठांकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. "एक स्टेशन आहे की. सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी, बातम्या, गाणी. त्यांचा मनोरा जवळच आहे, तुमच्या घरी घणघणीत येईल. ऐकतं कोण ते देव जाणे." घणघणीत हा शब्द रेडिओवाल्याच्या तोंडावर इतका मोठा झाला की तो त्याने बरोबर घरी नेला.

शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. दुपारी खिडकीजवळ पाट मांडून तो कॉइल गुंडाळायला बसला, आणि ते दोन तास चांगले गेले. तसे चांगले तास त्या आठवड्यात दुसरे नव्हते. नव्वद वेढे. वेढ्याला वेढा चिकटून, मधे केस जाईल एवढीही फट नाही. डाव्या हाताने पाइप फिरवायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने तार ताणून धरायची. हे त्याच्या हातांना झोपेतही आलं असतं. मोटर भरताना वेढा चुकला तर मोटर तापते, जळते; इथे चुकला तर काहीच होणार नव्हतं, स्टेशन केसभर इकडचं तिकडे झालं असतं. पण चुकवायचा कशासाठी? बायको बटणं लावत समोर बसली होती आणि मधून मधून मान वर करून बघत होती. "काय हो, घरीही दुकान मांडलंत?" "रेडिओ करतोय." "आणि तो कपाटावर आहे तो?" "तो विजेवरचा." यावर तिने कपाळाला हात लावला, पण तिला बरं वाटलं होतं, कारण बुधवारपासून तो भिंतीकडे तोंड करून बसत होता. चाळीस, एक्केचाळीस. तार तांब्याची, तिच्यावर इनॅमलचा पातळ थर. नव्वद झाल्यावर त्याने काचकागदाने कॉइलच्या पाठीवरून एक सरळ पट्टा घासला, तिथलं इनॅमल काढून तांबं उघडं केलं; कारण त्या पट्ट्यावरून एक पितळी जीभ सरकवायची, आणि ती ज्या वेढ्याला टेकेल तिथलं स्टेशन लागायचं. पट्टा चकचकीत दिसत होता. मग हात धुऊन चहा प्यायला आणि रविवारसाठी ती कॉइल खिडकीत वाळत ठेवून दिली. वाळत का ठेवली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने सगळं एका लाकडी डब्यावर जोडलं. एरियलची तार गच्चीच्या कठड्यावरून आणून खिडकीतून आत घेतली, दुसरी तार मोरीतल्या जुन्या लोखंडी पाइपला, रंग खरवडून, घट्ट पिळून बांधली. बोंड कानात घातलं. पितळी जीभ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मुंगीच्या चालीने सरकवली. काही नाही. परत उलटी आणली. काही नाही. दुसऱ्या कानात घातलं. समोर बायकोचा पाय मशीनवर हलत होता; त्याने हाताने खूण केली, पाय थांबला. काही नाही. छातीत धडधडायला लागलं, आणि ती धडधड तेवढी त्याला छान ऐकू येत होती. घामेजल्या बोटाने त्याने तो पट्टा चाचपला, आणि बोट घसरलं. गुळगुळीत लागलं. त्याने कॉइल उजेडात धरली. वार्निश. शनिवारी काचकागदाने पट्टा घासून झाल्यावर त्याच्या हातांनी, त्याला न विचारता, सव्वीस वर्षांच्या सवयीने, सगळ्या कॉइलला वार्निश पाजलं होतं. मोटर भरली की वार्निश. हातांनी आपलं काम चोख केलं होतं. तांब्यावर जीभ टेकतच नव्हती तर रेडिओ लागणार कसा?

तो मोठ्यांदा हसला. कितीतरी दिवसांनी असा हसला. बायको दचकून उठली. "अगं, वार्निश लावलं मी! वार्निश!" तिला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली. गाढव आहोत आपण, पक्कं गाढव, असं म्हणत त्याने काचकागद आणला आणि पट्टा पुन्हा घासायला घेतला. किती बरं वाटत होतं. खोट होती, आणि ती डब्यात होती. म्हणजे मोटरीतही खोट नसेल कशावरून? म्हणजे असेल, पण ती नंतर आली असेल; त्या दिवशी ती खरंच शांत चालत असेल. लोखंडाचं काय सांगावं, मालकच म्हणाले ना. सोमवारी सहाच्या सहा मोटरी कशा नीट, एकेक करून ऐकायच्या हे त्याने घासता घासता ठरवूनही टाकलं. पट्टा पुन्हा लालसर झाला. फडक्याने पुसला. जीभ टेकवली. बोंड कानात घातलं.

काही नाही.

आता तो घाबरला नाही. आता तो कामाला लागला. मीटर काढला आणि एकेक सांधा तपासला. एरियल ते कॉइल, ठीक. कॉइल ते पाइप, ठीक. जीभ पहिल्या वेढ्याला, पन्नासाव्या वेढ्याला, नव्वदाव्या वेढ्याला, सगळीकडे काटा हलला. डायोड एका बाजूने जाऊ देत होता, दुसऱ्या बाजूने अडवत होता, म्हणजे त्याचं कामच करत होता. एकेक सांधा पास होत गेला तसतसा तो स्वतः नापास होत गेला. शेवटी राहिलं कानातलं बोंड. त्याची परीक्षा सोपी होती, पोरंसोरं करतात: एक सेल घ्यायचा, बोंडाच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना लावायच्या, आत टक् असं वाजतं. ते टक् मोठं असतं. सेल भिंतीवरच्या घड्याळात होता, दोन पावलांवर. तो घड्याळाकडे पाहत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, घड्याळाने ती दाखवली. तो उठला नाही. रेडिओ ऐकू आला नाही तर त्याला शंभर कारणं असतात. टक् ऐकू आलं नाही तर एकच.

बायको केव्हा समोर येऊन बसली ते त्याला समजलं नाही. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं. "काय झालंय?" आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. मनगट. मालकांचं न ओरडणं. फरशीवरचा सहाचा आकडा. दोन वर्षं एकही मोटर खरी ऐकली नाही, हे. बोलताना आपला आवाज मोठा आहे की लहान हे त्याला कळत नव्हतं; तिने मधेच उठून दार लोटलं, म्हणजे मोठा असावा. "आता ऐक," तो म्हणाला. "या डब्यात आवाज आहे की नाही हे तू सांगायचंस. आवाज नसेल, तर डबा बिघडलाय, आणि माझं मला बघता येईल. आवाज असेल, तर माझे कान गेले. मग मी सोमवारी जाऊन मालकांना सांगणार, की मला ऐकू येत नाही, दवाखान्याच्या मोटरी दुसऱ्या कोणाला तपासू द्या. समजलं?" तिने मान हलवली. "ते सांगितल्यावर मालक काय करतील?" "करतील काय? न ऐकणारा डॉक्टर कोण ठेवतो?" "आणि मग तुम्ही घरी काय कराल?" त्याने बोंडाची तार बोटाला गुंडाळली. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग तिने हात पुढे केला आणि त्याने त्या हातात बोंड दिलं.

तिने केस मागे सारून ते कानात बसवलं. जीभ कशी सरकवायची ते त्याने बोटाने दाखवलं: टोकापासून सुरू कर, हळू. ती हळू सरकवायला लागली. तिला बारीक कामाची सवय होती, तिचा हात स्थिर होता. दहा वेढे, वीस वेढे. तो तिच्या तोंडाकडे न पाहता तिच्या बोटांकडे पाहत होता. चाळीस. पन्नास. साठाव्या वेढ्याच्या आसपास बोटं थांबली. नुसती थांबली नाहीत. एक वेढा पुढे गेली, एक मागे आली, आणि तिथे टेकून राहिली. जिथे काही नसतं तिथे हात थांबत नाही. हे तिला ठाऊक नसणार, ती पहिल्यांदाच हे करत होती. त्याने वर पाहिलं. तिचे डोळे खिडकीबाहेर होते, लांब, आणि खालचा ओठ हलत होता, अगदी जेमतेम. ओळखीचं गाणं लागलं की ती पीठ मळतानासुद्धा असं करायची. गाण्याची अर्धी ओळ झाली असेल. मग तिला आठवलं, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं.

ओठ मिटले. बोटं पुन्हा चालू लागली; सत्तर, ऐंशी, शेवटपर्यंत, आणि शेवटापासून परत, शोधणाऱ्या माणसासारखी सावकाश. साठाव्या वेढ्यावरून ती न थांबता गेली. येतानाही, जातानाही. कपाळावर आठ्या घालून तिने एकदा दुसऱ्या कानातसुद्धा घालून पाहिलं. तिने बोंड काढलं, पाटावर ठेवलं, आणि नीट, सावकाश, तोंड त्याच्याकडे करून म्हणाली, "नाही हो. काहीच नाही येत."

"नीट ऐकलंस?"

"नीट ऐकलं. डब्यातच खोट आहे तुमच्या. आता वार्निश नाही तर आणखी काही असेल." आणि लगेच, "तुम्ही उगीच मनाला लावून घेता. आपले सोमवारी नेहमीसारखे जा कामावर."

त्याला एकाच वेळी तिचे दोन्ही हात धरून रडावंसं वाटलं आणि तो डबा उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. त्याने दोन्हींतलं काही केलं नाही. "तार जुनी आहे," तो म्हणाला. "आत कुठेतरी तुटली असेल." "तेच असेल," ती म्हणाली. मीटरचा काटा नव्वदाच्या नव्वद वेढ्यांवर हललेला त्याने पाहिला होता, आणि तरी त्याने सुटं टोक शोधून तार उलगडायला सुरुवात केली. एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. तिने पलीकडून रीळ धरली आणि त्याने सोडलेली तार ती गुंडाळून घेऊ लागली. तिच्या हातात रीळ भरत गेली. चांगली, धड, कुठेही न तुटलेली तार. आणि ती तशी हातातून जात असताना त्याला हेही स्पष्ट दिसलं, की सोमवारी तो जाणार. लेथ बंद होईल, मालक दार ओढून घेतील, तो मूठ कानामागे लावून डोळे मिटेल, आत शांत शांत असेल, आणि तो सहा वेळा म्हणेल, जाऊ दे. फिटर पाठ करून उभा असेल. तिने त्याला वाचवलं होतं, आणि त्यालाही वाचायचं होतं. लॉन्ड्रीतल्या त्या बाईचं तोंड कसं असेल याचा अंदाज बांधायचा त्याने खूप प्रयत्न करून पाहिला. ते डोळ्यांपुढे आलं नाही, फक्त गाडीवाल्याचा वाकलेला पंजा आला. मग तोही गेला.

साठावा वेढा सुटून गेला. तिने मान वर केली नाही. तीस राहिले, दहा राहिले, मोकळा पाइप त्याच्या हातात आला. ती रीळ टेबलावर ठेवून उठली आणि मशीनकडे वळली. तेवढ्यात तिने दाराकडे पाहिल्यासारखं त्याला वाटलं. कदाचित पाहिलं नसेल, नुसती मान वळली असेल. "बेल वाजली का गं?" त्याने विचारलं. ती वळली, तोंड त्याच्याकडे केलं, म्हणाली, "नाही."

त्याने मोकळा पाइप हातात एकदा फिरवला. मग पाइप खाली ठेवून उठला, खोली ओलांडली, कडी काढली आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिना रिकामा होता. खालच्या मजल्यापर्यंत वाकून पाहिलं, तिथेही कोणी नव्हतं. ती खरं बोलली होती. तरी तो तिथेच उभा राहिला, कठड्याला धरून, आणि मागे मशीन चालू झालं नसणार हे त्याला ठाऊक होतं, कारण पायाखालची फरशी थरथरत नव्हती. म्हणजे ती उभी होती आणि त्याला पाहत होती, आणि तो दार उघडून का पाहतोय हे तिला कळलं होतं. ती काही बोलली असेल किंवा नसेल. त्याची पाठ तिच्याकडे होती.